मुलांची पोटगी थकली? ऑर्डर हातात आहे पण पैसे येत नाहीत, तर वसुली कशी करायची

घटस्फोट झाला, कोर्टानं सांगितलं मुलांसाठी महिन्याला इतके इतके द्या, पहिले दोन-तीन महिने आले पण, आणि मग बंद. फोन लावला तर "मना जोडे काहीच नही" (माझ्याकडं काहीच नाही), नाहीतर उचलतच नाही, नंबर ब्लॉक. जळगाव धुळे नंदुरबार, कुठल्याही कोर्टात तारखेच्या दिवशी गेलात तर निम्म्या बाया याच कामासाठी आलेल्या दिसतात. आणि जवळपास सगळ्यांचा समज एकच असतो, की ऑर्डर झाली म्हणजे आता कोर्ट त्याच्याकडून पैसे काढून देईल. तसं होत नाही. ऑर्डर मिळणं एक काम आणि वसुली हे दुसरं काम, दुसऱ्या कामासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि तो तुम्हीच द्यायचा, वेळेत द्यायचा. वेळेत म्हणजे काय ते खाली सांगतो.

पहिलं काम: ऑर्डरवर कलम कुठलं आहे ते वाचा

हे वकिलावर सोडू नका, स्वतः बघा. मुलांची पोटगी तीन-चार वेगवेगळ्या कायद्यांखाली मिळू शकते आणि वसुलीचा रस्ता त्याच्यावरच ठरतो.

ऑर्डरवर १२५ लिहिलं असेल तर ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात तेच कलम आता १४४ झालंय. घाबरू नका, नंबर बदलला, मतलब तोच आहे, जुन्या ऑर्डरी रद्द झाल्या नाहीत. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ असेल तर ती घटस्फोटाच्या केसमध्येच झालेली मुलांच्या खर्चाची ऑर्डर, तिची वसुली दिवाणी डिक्रीसारखी, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते, त्याला आपल्याकडे दरखास्त म्हणतात. आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली असेल, ज्याला सगळे डीव्ही म्हणतात, तर कलम २० खालची ऑर्डर. काहींकडे दोन दोन ऑर्डरी असतात. असू द्या, उलट बरं आहे, फक्त दोन्हीकडून डबल पैसे मिळत नाहीत, एकातले दुसऱ्यात वळते होतात.

ऑर्डरची सही-शिक्क्याची नक्कल काढून घ्या. मोबाईलवरचा फोटो किंवा साधी झेरॉक्स चालत नाही. नक्कल विभागात अर्ज द्यायचा, केस नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्स ॲपवर नाव टाकून सापडतो, तिथं १६ अक्षरांचा सीएनआर नंबर येतो तो वहीत लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या तारखा त्याच्यावरच दिसतात, वकिलाला फोन करत बसायची गरज नाही.

आणि ऑर्डरच नसेल तर? आपल्याकडे हे भरपूर आहे. गावात चार पंच बसले, शंभरच्या स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली, नोटरी केली, "मुलं आईकडे, बापाचा काही संबंध नाही" असं लिहून दोघांच्या सह्या. त्या कागदावर वसुली होत नाही, पण त्या कागदानं मुलाचा हक्क पण बुडत नाही. आईनं स्वतःचं सोडलं असेल, मुलाचं सोडायचा अधिकार तिला नाही, कोर्टांनी हे बऱ्याचदा सांगितलंय. मग कलम १४४ खाली नवीन अर्ज करायचा. या कलमाला धर्म जात लागत नाही. साक्री, शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा साईडच्या भिल्ल-पावरा समाजातल्या बायांना मुद्दाम सांगतो, हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही म्हणून "तुमचं लग्नच कोर्टात धरत नाही" असं कुणी सांगितलं तरी १४४ चा रस्ता उघडाच आहे, रीतीनं झालेलं लग्न असो की नसो, मूल त्याचं आहे तर पोटगी त्याच्यावर आहे. मुस्लिम ताईंसाठी पण तेच, सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्येच सांगितलंय की तलाकनंतर मुलं आईकडे असली तरी बापानं या कलमाखाली खर्च द्यायचाच. अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात करता येतो, त्याच्या गावाला जायची गरज नाही. माहेरी चोपड्याला आलात तर चोपड्यालाच.

दुसरं: हिशोबाची वही

महिना, किती यायचे होते, किती आले, कसे आले, बाकी. पाच रकाने, बस. बँकेचं पासबुक दर महिन्याला भरून घ्या कारण कोर्टात शेवटी तेच दाखवायचं असतं.

ऑर्डरमध्ये "अर्ज केल्या तारखेपासून" असं लिहिलंय का ते बघा. सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० ला रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सगळ्या कोर्टांना सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे समजा जून २०२३ ला अर्ज केला, जानेवारी २०२५ ला ऑर्डर झाली महिना ४००० ची, तर डिसेंबर २०२४ पर्यंतचे १९ महिने, ७६,००० रुपये, ते आधीच थकलेले आहेत. मधे अंतरिम पोटगी (केस चालू असतानाची) म्हणून १२ महिने १५०० आले असतील तर ते १८,००० वजा, बाकी ५८,०००. खूप जणींना हे मागचे पैसे माहीतच नसतात, त्या ऑर्डरच्या महिन्यापासूनच मोजतात.

पैसे नगद घेऊ नका. बसस्टँडवर भेटून दोन हजार हातात दिले आणि नंतर कोर्टात "मी वीस दिले" असं होतं. खात्यावर टाक म्हणा. दिवाळीचे कपडे, पोराला मोबाईल, यात्रेत दिलेले पाचशे, हे पोटगीत धरलं जात नाही, तो धरायला बघतो पण ऑर्डरमध्ये तसं लिहिलं नसेल तर नाही. अजून एक, फक्त व्हॉट्सॲपवर भांडण्यापेक्षा दर महिन्याला एक साधा मेसेज, "या महिन्याचे ४००० आले नाहीत", एवढाच, शिव्या न घालता. तो पुरावा होतो. शिव्यांचा पण होतो, तुमच्या विरुद्ध.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: वर्ष उलटू देऊ नका

१२५ किंवा १४४ च्या ऑर्डरीत पैसे थकल्या दिवसापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज दिला तरच वॉरंट निघतं. आता बाया काय करतात, एक दोन महिने वाट बघतात, मग जेठ मध्यस्थी करतो म्हणून थांबतात, मग कापसाचे पैसे आले की देईल म्हणून थांबतात, मग केळीचे, असं करत करत दीड वर्ष जातं आणि जुने महिने वॉरंटच्या बाहेर पडतात. हक्क मरत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलंय की एक वर्षाची मुदत ही त्या वॉरंटच्या रस्त्यापुरती आहे, बाकीचे पैसे दिवाणी मार्गानं मागता येतात, पण तो रस्ता लांबचा. म्हणून माझं सांगणं, तीन महिने थकले की अर्ज टाका. मध्यस्थी चालू राहू द्या, अर्ज पण चालू राहू द्या, तडजोड झालीच तर अर्ज मागे घेता येतो, गेलेलं वर्ष मागे घेता येत नाही.

एकदा अर्ज दिला की पुढं थकत जाणाऱ्या महिन्यांसाठी दरवेळी नवीन अर्ज लागत नाही, त्याच अर्जात पुढची बाकी वाढवून घेता येते, हे पण सुप्रीम कोर्टानं २००५ ला सांगितलेलं आहे. तरी प्रत्येक दोन-तीन तारखांना वकिलाला आठवण द्या की सुधारित हिशोब दाखल करा.

हिंदू विवाह कायद्याची डिक्री असेल तर दरखास्तीला १२ वर्षांची मुदत आहे, तिथं एवढी घाई नाही. पण बारा वर्षांत पोरगं कमवायला लागेल, मग काय उपयोग.

चौथं: त्याचा पैसा कुठं आहे ते शोधा

माझ्या मते निम्मी वसुली इथं होते, कोर्टात नाही. कोर्ट वॉरंट काढेल पण कशावर काढायचं ते तुम्ही सांगायचं असतं. "त्याच्याकडं भरपूर आहे साहेब" यानं काही होत नाही.

नोकरीवाला असेल, म्हणजे भुसावळला रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात, ऑर्डनन्स फॅक्टरीत, एसटीत, झेडपी शाळेत, कुठंही पगार बँकेत होतो अशा ठिकाणी, तर सोपं आहे. दिवाणी दरखास्तीत पगार जप्तीचा अर्ज द्या. बाकी कर्जाला पगाराचा थोडाच भाग धरता येतो, पण पोटगीसाठी कायद्यानं फक्त एक तृतीयांश पगार त्याच्याकडे सोडायचा आहे, म्हणजे दोन तृतीयांशपर्यंत जप्ती होऊ शकते. डीव्हीची ऑर्डर असेल तर कलम २०(६) खाली कोर्ट थेट त्याच्या ऑफिसला सांगू शकतं की पगारातून कापून हिच्या खात्यावर भरा. एकदा हे झालं की दर महिन्याचं रडगाणं संपतं. ज्याचा पगार आहे त्याच्या बाबतीत वॉरंट, जेल या भानगडीत आधी पडूच नका, पगार धरा. फक्त ऑफिसचं पूर्ण नाव, पत्ता, पगार काढणारा अधिकारी कोण, एम्प्लॉयी नंबर, एवढं अर्जात पाहिजे.

शेतकरी असेल तर सातबारा आणि ८अ (त्याच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा, महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयात निघतो, गट नंबर माहीत नसेल तर नावावरून पण शोधता येतं. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावात झालेल्या बदलाची नोंद, पण बघा, कारण केस लागली की बऱ्याच जणांचं भावावरचं प्रेम एकदम उतू येतं आणि हक्कसोड होऊन जमीन भावाच्या नावावर जाते. तसं झालेलं दिसलं तर फेरफारची तारीख आणि तुमच्या अर्जाची तारीख शेजारी शेजारी ठेवून कोर्टाला दाखवा, कोर्ट लगेच समजतं. एकत्र खातं असेल तर त्याच्या हिश्श्यापुरतीच कारवाई होते. आणि शेतकऱ्याची औतं, बैल, बियाणं, राहतं घर हे दरखास्तीत जप्त होत नाही, त्यामुळं त्याच्यामागं वेळ घालवू नका. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा माल कुठल्या व्यापाऱ्याकडे जातो, कुठल्या बँकेत पैसे येतात, पीक विमा कुठल्या खात्यावर आला, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे, हे गावात सगळ्यांना माहीत असतं, एक फोन केला की कळतं. १४४ च्या वॉरंटमध्ये कोर्ट कलेक्टरला पण लिहू शकतं की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करा, मग तहसील आणि तलाठ्यामार्फत काम चालतं. हे मागावं लागतं, आपोआप होत नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे रोजचं काम करणारा, रिक्षावाला, मिस्तरी, किंवा सुरतेला गेलेला. कागदावर काहीच नाही. इथं त्याचं जुनं प्रतिज्ञापत्र कामाला येतं. रजनेश-नेहाच्या निकालानंतर पोटगीच्या केसमध्ये दोघांना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात बँक खाती, गाडी, कर्ज, सगळं लिहिलेलं असतं. मूळ केसच्या फायलीतून त्याची नक्कल काढा. आणि ते प्रतिज्ञापत्र फायलीत जोडलेलं नसेल तर फोनपेवर ज्या बँकेतून तुम्हाला कधी पैसे आलेत ती बँक तर तुमच्याच पासबुकात दिसते.

पाचवं: अर्ज कुठं आणि खर्च किती

ज्या कोर्टानं ऑर्डर दिली तिथंच वसुलीचा अर्ज, म्हणजे जिथं कौटुंबिक न्यायालय आहे तिथं ते, नाहीतर तालुक्याचं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्ट. तो दुसरीकडे राहत असेल तर १४४ ची ऑर्डर तो राहतो तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून पण अमलात आणता येते.

वकिलाला पैसे नसतील तर लाजू नका. बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळायचा कायद्यानं हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही, पगार असला तरी. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती, त्याच इमारतीत ऑफिस असतं. आधार कार्ड, ऑर्डर, एक अर्ज, एवढ्यावर काम होतं. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर. महाराष्ट्रात पोटगीच्या कामात बायांना कोर्ट फी माफ आहे, कुणी "स्टॅम्पचे पैसे" मागितले तर कशाचे ते विचारा.

अर्जासोबत ऑर्डरची नक्कल, हिशोबाचा तक्ता, पासबुक, त्याचा आत्ताचा पत्ता आणि मोबाईल नंबर, तुमचं प्रतिज्ञापत्र. मुलांच्या शाळेच्या फीच्या पावत्या पण लावा, वसुलीला लागत नाहीत पण रक्कम वाढवून मागायची असेल तर तेव्हा कामी येतात.

सहावं: वॉरंट निघालं, पण ते पोचलं का

आधी नोटीस जाते. तो येत नाही. मग जप्ती वॉरंट, मग अटक वॉरंट. कागद कोर्टातून पोलीस स्टेशनला जातो आणि तिथं एखाद्या फायलीत बसतो. हे कुणाला दोष द्यायला म्हणत नाही, बंदोबस्त, सण, निवडणुका, पोलिसांना कामं असतात. म्हणून जावक क्रमांक आणि तारीख कोर्टातून घ्या, पोलीस स्टेशनला वॉरंट बजावणारा हवालदार कोण ते विचारा, त्याला नवऱ्याचा फोटो, घराचा पत्ता, तो घरी कधी सापडतो ते सांगा. "पत्त्यावर मिळून आला नाही" असा रिपोर्ट दोनदा आला तर गप्प बसू नका, कोर्टाला नवीन पत्ता द्या.

सुरतचा प्रश्न खान्देशात घरोघरी आहे. उधना, लिंबायत भागात आपल्याकडची माणसं इतकी आहेत की तिथं अर्धं गाव सापडतं. वॉरंट तिथल्या पोलीस आयुक्तालयामार्फत जातं, वेळ लागतो. पण माणूस गावाला येतोच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नाही तर भाऊबंदकीतल्या लग्नाला. त्या आधी आठ दिवस इथल्या पोलीस स्टेशनला वॉरंट पोचलंय याची खात्री करून ठेवली तर काम होतं.

जेल झाली तर पैसे बुडतात का

नाही. हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. त्याला त्याचे मित्रच सांगतात, "महिनाभर आत जाऊन ये, मोकळा होशील". सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्ये कुलदीप कौरच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की जेल ही पैसे काढायची पद्धत आहे, जेल भोगली म्हणून देणं फिटत नाही. थकलेल्या पोटगीसाठी एक महिन्यापर्यंत कैद, किंवा त्या आधी पैसे भरले तर सुटका. महिन्यांच्या बाकीनुसार किती दिवस द्यायचे यावर कोर्टाकोर्टात फरक पडतो, पण बाहेर आल्यावर देणं तसंच उभं असतं.

खरं सांगायचं तर जेलपेक्षा जेलच्या दारात जास्त पैसे निघतात. पकडून आणला की अर्ध्या तासात चुलत भाऊ, मेहुणे, सगळे जमतात, वीस हजार रोख, बाकीला मुदत. इथं तीन गोष्टी सांभाळा. बाकीचे हप्ते किती, कोणत्या तारखेला, हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, आलं पाहिजे, तोंडी नको. पैसे कोर्टात जमा किंवा थेट खात्यावर. आणि "पूर्ण रक्कम मिळाली" अशी पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) समोर ठेवली तर पासबुकात आकडा दिसेपर्यंत सही करू नका, मग समोर सासरा हात जोडत असला तरी. वाचता येत नसेल तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, समोरच्या पार्टीच्या वकिलाकडून नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर ती डिक्रीसारखीच असते आणि त्यावर अपील नाही, म्हणून तिथं तर दहादा वाचा. एकरकमी दोन लाख घेऊन मुलांचा पुढचा हक्क सोडला असं लिहून घ्यायचा आग्रह तिथंच जास्त होतो.

तो काय काय बोलेल

"मला पोराला भेटू देत नाही म्हणून देत नाही." भेट वेगळी, पोटगी वेगळी. भेटू देत नसेल तर त्यानं त्याचा अर्ज करावा. पण हेही सांगतो, कोर्टानं भेट ठरवली असेल तर ती मोडू नका, पैसे आले नाहीत म्हणून पोरगं लपवलं तर तुमची बाजू पातळ होते.

"नोकरी गेली." धडधाकट माणसानं मजुरी करून का होईना मुलांना पोसावं असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये म्हटलंय. "दुसरं लग्न झालं, तिकडे दोन पोरं आहेत." पहिल्यांचं देणं त्यानं संपत नाही. "ती स्वतः कमावते." कमावत असेल तर शाळेचा खर्च दोघांत कमाईप्रमाणे वाटला जाऊ शकतो, पण ते ऑर्डर करताना, त्यानं मनानं ठरवून बंद करायचं नाही.

हा लेख वाचणारा बाप असेल तर भाऊ तुम्हाला पण एक सांगतो. खरंच परिस्थिती बदलली, अपघात झाला, कंपनी बंद पडली, तर कलम १४६ खाली रक्कम कमी करायचा अर्ज लगेच द्या आणि जमेल तेवढे खात्यावर टाकत रहा. न सांगता बंद केलं तर मीटर चालूच राहतं आणि मागचं माफ होईलच याची गॅरंटी नाही. त्याच कलमात रक्कम वाढवून पण मिळते, मूल बालवाडीतून आठवीला गेलं आणि पोटगी अजून १५०० च आहे, तर ताईंनी पण तोच अर्ज वापरायचा.

मूल १८ चं झालं की

१४४ खालची मुलाची पोटगी थांबते. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळं स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या मुलाची थांबत नाही, लग्न झालेली मुलगी सोडून. हिंदू मुलीला १८ नंतरही लग्न होईपर्यंत बापाकडून खर्च मागता येतो, पण तो १९५६ च्या दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली, त्याचा वेगळा दावा करावा लागतो आणि तो आता मुलीनं स्वतःच्या नावानं करायचा, म्हणून बारावीचा निकाल लागायच्या आधीच तिचं आधार, बँक खातं आणि कॉलेज फीचा अंदाज काढून विधी सेवा ऑफिसला जाऊन या. १८ च्या आधीचे थकलेले महिने मात्र तसेच उभे राहतात, मूल मोठं झालं म्हणून ते पुसले जात नाहीत, आणि तुमचा वसुली अर्ज चालू असेल तर तो शेवटच्या रुपयापर्यंत चालतो.